नाण्यावरचा प्राणी, पानातली शेपटी

कॅनडाला मुलाकडे किंवा मुलीकडे चार-सहा महिने राहून आलेली मंडळी परतल्यावर ज्या गोष्टी हमखास सांगतात, त्यांत नायगारा पहिला, बर्फ दुसरा आणि तिसरी 'बीव्हर टेल', म्हणजे बीव्हरची शेपटी. ऐकणाऱ्याने तोंड वाकडे केले की सांगणाऱ्याला हसू फुटते. कारण या शेपटीत बीव्हर नावालाही नसतो. लांबट, चपटी, तेलात तळलेली पोळी आणि तिच्यावर भुरभुरवलेली दालचिनी-साखर, एवढाच तो प्रकार. १९७८ साली ऑन्टारिओ प्रांतात विकायला सुरुवात झालेला हा खाऊ पुढे इतका गाजला, की २००९ मध्ये ओटावाला गेलेले अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामाही तो घ्यायला बाजारात थांबले.

मला मात्र आज खऱ्या शेपटीविषयी लिहायचे आहे. ती मी खाल्ली आहे. उत्तर ऑन्टारिओत मूस नदी जिथे जेम्स उपसागराला मिळते, तिथल्या मूस फॅक्टरी नावाच्या बेटावर मी दोन हिवाळे काढले. नावात फॅक्टरी असली तरी कारखान्याशी तिचा संबंध नाही. 'फॅक्टर' म्हणजे व्यापारी कंपनीचा अडत्या आणि त्याची वखार ती फॅक्टरी. आपल्या सुरतेला इंग्रजांची होती तशीच. या भागाला बाहेरच्या जगाशी जोडणारी पक्की सडक नाही. कॉक्रेन गावाहून आगगाडीने पाचएक तास जायचे, पुढे नदी. उन्हाळ्यात होडी आणि हिवाळ्यात गोठलेल्या पात्रावरून मोटार. वस्ती मुख्यतः क्री या मूळ रहिवाशांची. त्यांच्या भाषेत बीव्हरला 'अमिस्क' म्हणतात.

आधी या प्राण्याची ओळख करून घेऊ. उंदीर-घुशींप्रमाणे कुरतडून खाणाऱ्यांच्या गणातला हा प्राणी. दक्षिण अमेरिकेतला कॅपिबारा सोडला तर या गणात त्याच्याहून मोठा कोणी नाही. पुरता वाढलेला बीव्हर पंधरा-वीस किलोंचा सहज भरतो, कधी तीस किलोंपर्यंतही जातो. त्याचे पुढचे दात नारिंगी असतात, कारण त्यांच्या कवचात लोह असते. आणि ते जन्मभर वाढत राहतात. या दातांनी तो झाडे पाडतो, कोवळी साल खातो आणि उरलेल्या फांद्या, दगड, चिखल रचून ओढ्याला बांध घालतो. बांधामागे तळे साचते. तळ्यात तो घर बांधतो आणि त्या घराचे दार पाण्याखाली ठेवतो. हिवाळ्यात तो झोपून राहत नाही. थंडीपूर्वीच तळ्याच्या तळाशी फांद्या खोचून वर्षाच्या डाळ-तांदळासारखी बेगमी करतो आणि वर बर्फाचा जाड थर बसला, की खालच्या खाली त्या बेगमीवर राहतो.

आणि शेपटी! वीतभराहून लांब, पंजाएवढी रुंद, चपटी आणि खवलेदार. पोहताना ती सुकाणू, झाड कुरतडायला उभे राहिले की टेकू, आणि संकट आले की पाण्यावर फाडकन आपटायचे भोंग्याचे साधन. याखेरीज तिचे एक मोठे काम बाहेरून दिसत नाही. बीव्हर हिवाळ्यासाठी या शेपटीत चरबी साठवून ठेवतो. पुढे जे काही सांगणार आहे, ते या चरबीभोवती फिरते.

"पण घुशीच्या जातीचा प्राणी खायचा म्हणजे..." हा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. तो स्वाभाविक आहे. मात्र आपल्या रायगड-ठाण्यातला कातकरी समाज शेतातले उंदीर आणि घुशी पिढ्यान्‌पिढ्या खात आला आहे, आणि त्या खाण्यावरून गावाने त्याला हिणवलेही आहे. एखाद्याच्या ताटाकडे बघून नाक मुरडणे हा जगातला फार जुना उद्योग आहे. बीव्हरच्या कथेतही तो येतो, तेवढ्यासाठी हे इथे नमूद करून ठेवते.

नाक मुरडणारे जसे असतात, तशा पळवाटा शोधणारेही. कॅथलिक पंथात उपवासाच्या दिवशी मांस वर्ज्य, मासळी चालते. आपल्या गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत शुक्रवारी मासळी का शिजते, हे ठाऊक असणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. आता बीव्हर पाण्यात राहतो आणि त्याच्या शेपटीवर खवले असतात. मग तो मासाच नव्हे काय? बाराव्या शतकातला वेल्सचा धर्मपंडित जेराल्ड लिहून गेला आहे, की जर्मनीत आणि उत्तरेकडच्या मुलखांत बडी धार्मिक माणसेसुद्धा उपवासात ही शेपटी मासा समजून खातात. सतराव्या शतकात फ्रेंच लोक कॅनडात वसले, तेव्हा तिथेही बीव्हरची गणना मासळीत झाली आणि ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासाची चिंता मिटली. आपल्याला हसण्याचा अधिकार नाही. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण आपलीच. शिवाय आपल्या उपवासाच्या खिचडीतले शेंगदाणे, मिरची, बटाटा आणि ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कंद, हे सगळे मूळचे अमेरिका खंडांतले. तेही आपण उपवासाला चालवून घेतलेच!

पण बीव्हरवर खरे संकट कोसळले ते खाणाऱ्यांमुळे नव्हे, टोप्या घालणाऱ्यांमुळे. त्याच्या अंगावर लांब राठ केसांखाली अतिशय दाट, मऊ लोकर असते. या लोकरीच्या तंतूंना बारीक आकडे असतात, त्यामुळे ती एकमेकांत गुंतून तिचा उत्तम फेल्ट बनतो. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपातल्या प्रत्येक प्रतिष्ठिताला या फेल्टची टोपी हवी होती. युरोपातले बीव्हर त्यापायी संपत आले, मग नजर कॅनडाकडे वळली. १६६८ साली 'नॉनसच' नावाचे इंग्रजी जहाज जेम्स उपसागरात रूपर्ट नदीच्या मुखाशी आले आणि पुढच्या वर्षी कातड्यांनी भरून परत गेले. १६७० मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने 'हडसन्स बे कंपनी'ला सनद दिली.

हा दुसरा चार्ल्स आपल्याला परका नाही. पोर्तुगीज राजकन्येशी लग्न झाले तेव्हा मुंबई त्याच्याकडे आंदणात आली होती, आणि याच १६६८ साली त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. हडसन उपसागराभोवतालच्या अफाट मुलखाचे भाडे काय ठरले? राजा किंवा त्याचा वारस त्या भूमीत पाऊल ठेवील तेव्हा दोन एल्क हरणे आणि दोन काळे बीव्हर! ज्यांची ती भूमी होती, त्यांना या दोन्ही व्यवहारांत कोणी विचारले नाही.

पुढली दोनशे वर्षे त्या मुलखात बीव्हरचे कातडे हेच चलन होते. भांडे, सुरी, घोंगडी, बंदूक यांच्या किमती कातड्यांत सांगितल्या जात. पुढे कंपनीने त्या हिशेबाची पितळी नाणीही पाडली. १६३४ मध्ये जेझुइट पाद्री ल ज्यून याने क्वेबेककडच्या इन्नू लोकांबरोबर हिवाळा काढला होता. त्याचा यजमान हसून म्हणे, की हा बीव्हर मोठा गुणी, आमच्यासाठी किटल्या करतो, कुऱ्हाडी करतो, सुऱ्या करतो! एका कातड्यासाठी एवढ्या वस्तू देणारे गोरे लोक त्याला वेडेच वाटत होते. याच पाद्र्याने आणखी एक गोष्ट टिपून ठेवली आहे. बीव्हरची हाडे कुत्र्यांपुढे पडू नयेत म्हणून हे लोक फार जपतात, असे तो सांगतो. त्याला ती अंधश्रद्धा वाटली.

एकोणिसाव्या शतकात रेशमी टोप्यांची फॅशन आली आणि मागणी उतरली. पण तोवर बराच उशीर झाला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी कॅनडाच्या मोठ्या भागांत बीव्हर दिसेनासा झाला. १९३७ पासून तो तिथल्या पाच सेंटांच्या नाण्यावर आहे आणि १९७५ मध्ये कायदा करून त्याला राष्ट्रीय प्रतीक केले गेले. पण नाण्यावर येण्याआधी त्याला जंगलात वाचवणे भाग होते. ते काम सुरू झाले कुठे, तर १६६८ साली जिथे ते जहाज लागले होते त्याच रूपर्ट नदीच्या मुखाशी. तिथल्या वखारीचा व्यवस्थापक जेम्स वॉट आणि त्याची पत्नी मॉड यांनी उपाशी पडत चाललेली क्री कुटुंबे पाहिली होती. बीव्हर गेला म्हणजे कातडे गेले, तसेच अन्नही गेले. मॉडने क्वेबेक सरकारकडे खेटे घातले आणि १९३२ मध्ये सुमारे ७,२०० चौरस मैलांचे क्षेत्र बीव्हरसाठी राखीव करून घेतले. क्री शिकाऱ्यांनी मारणे थांबवून राखण सुरू केली, कोणत्या तळ्यात किती घरे आहेत याची मोजदाद ठेवली. संख्या वाढल्यावर शिकार पुन्हा सुरू झाली. पण मोजून, वाटून आणि आलटून पालटून तळ्यांना विश्रांती देऊन. ज्यांच्या ताटात बीव्हर होता, तेच त्याचे राखणदार झाले.

मार्च महिन्यात एका क्री कुटुंबाने मला आपल्या शिकारीच्या मुक्कामावर नेले. घरातल्या म्हातारीला सगळे 'कूकम' म्हणत, म्हणजे आजी; मीही तेच म्हणू लागले. तंबूत जमिनीवर स्प्रूसच्या हिरव्या डहाळ्या अंथरलेल्या होत्या आणि मध्ये चूल. मुलगा आणि नातू बर्फाला भोक पाडून पाण्याखाली लावलेल्या सापळ्यातून बीव्हर घेऊन आले. आजीने कातडे सोलले, ते पुढे गोल चौकटीवर ताणून वाळवले जाते. मग शेपटीच्या मुळाशी असलेल्या दोन पिशव्या तिने अतिशय सांभाळून, न फोडता काढल्या. यांतल्या उग्र वासाच्या द्रव्याने बीव्हर आपली हद्द आखतो. हे द्रव्य अत्तराच्या धंद्यात शतकानुशतके वापरले गेले आणि आपल्याकडच्या युनानी हकिमांनाही ते 'जुंदबेदस्तर' या नावाने परिचित आहे. पिशवी फुटली तर मात्र सगळे मांस वाया जाते. शेजारच्या तेलाच्या ग्रंथीही तशाच काढाव्या लागतात. "हे आधी शिकायचं, चव नंतर," आजी म्हणाली. हातमोजे घालायला ती विसरली नव्हती. बीव्हरपासून ट्युलरीमिया नावाचा ताप लागू शकतो, म्हणून मांस हाताळताना काळजी घ्यायची आणि कच्चे तर कधीच ठेवायचे नाही.

धड तिने दोरीने चुलीशेजारी टांगले. दोरीला पीळ दिला की ते आपोआप गरगर फिरते, पीळ उलगडला की उलटे फिरते. बोट लावायला एक नात बसलेली असली म्हणजे पुरे. खाली ठेवलेल्या तव्यात चरबी ठिबकत होती. तीन-चार तासांनी मांस गडद तपकिरी झाले. चव विचाराल तर बकऱ्याहून दाट, थोडी गोडसर, आणि मागे लाकडाचा किंचित वास. सोबत बॅनक नावाची जाड भाकरी, तव्यातल्या चरबीत बुडवलेली.

शेपटीची तऱ्हा वेगळी. बारा वर्षांच्या नातीने ती काठीला टोचून जाळावर धरली. आपण वांगे भाजतो तशीच. हळूहळू काळी खवलेदार साल फुगली, तडकली आणि सोललेल्या वांग्यासारखी निघून आली. आत पांढरेशुभ्र, थरथरते काहीतरी. ते उकळून, मधल्या मणक्यांपासून सोडवून, वर मीठ घालून आजीने माझ्यापुढे ठेवले. बकऱ्याच्या पायाच्या रश्शात ओठांना चिकटणारा जो मऊ भाग असतो, त्यात नळीतला मगज कालवावा, तशी काहीशी ती चव. पहिला घास जपूनच घेतला. दुसऱ्याला विचार करावा लागला नाही. १८०५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या पश्चिमेचा शोध घेणाऱ्या मेरिवेदर लुइस यानेही आपल्या रोजनिशीत शेपटीची तारीफ केली आहे. तिची चव त्याला कॉड माशाच्या ताज्या जिभेसारखी लागली आणि एक शेपटी दोन माणसांना पोटभर होते, असा हिशेबही त्याने देऊन ठेवला आहे.

यात चोचल्याचा भाग कमी आणि जगण्याचा जास्त आहे. बीव्हरच्या शंभर ग्रॅम कच्च्या मांसात प्रथिने सुमारे २४ ग्रॅम, चरबी पाच ग्रॅमही नाही. उणे तीस अंशांत निव्वळ अशा मांसावर माणूस तगत नाही. नुसते ससे खाऊन राहिलेला माणूस पोट भरूनही खंगत जातो, हे उत्तरेकडच्या प्रत्येक शिकाऱ्याला माहीत असते. शरीराला स्निग्ध हवे असते आणि ते शेपटीत असते. म्हणून तिचा मान मोठा; वडीलधाऱ्यांना, पाहुण्यांना ती आधी मिळते.

निघताना मला एक मागची तंगडी बांधून दिली. तिकडे रानातले मांस सहसा विकत मिळत नाही. ते वाटले जाते. घरी मी वरची सगळी चरबी काढली, कारण जुन्या चरबीला उग्र वास येतो, आणि तंगडी रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवली. सकाळी कुकरमध्ये मऊ शिजवून भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात घातली. डबा आजीकडे नेला. तिने बॅनक बुडवून दोनदा घेतले, बोटे चाटली आणि म्हणाली, "छान झालंय. पण हा अमिस्क तुमच्या देशात जाऊन आलेला दिसतो!"

त्या संध्याकाळी ती मोकळेपणी बोलली. सहाव्या वर्षी तिला घरातून उचलून निवासी शाळेत नेले होते. कॅनडात एकोणिसाव्या शतकापासून विसाव्याच्या अखेरीपर्यंत मूळ रहिवाशांची सुमारे दीड लाख मुले अशा शाळांत घातली गेली. तिथे आपली भाषा बोलली की मार बसे. क्री भाषेबरोबर क्री अन्नही रानटी ठरले. सुट्टीत घरी आलेल्या त्या मुलीने आईने पुढे ठेवलेली शेपटी दूर सारली होती. "शाळेत मला शिकवलं होतं, की हे घाणेरडं असतं," ती म्हणाली. "आई काही बोलली नाही. तिनं ती उचलून मावशीला दिली." पुढे विशीत, लग्नानंतर, त्याच मावशीकडून ती साल भाजायला शिकली. आई तोवर गेली होती.

२००८ साली कॅनडाच्या पंतप्रधानांनी या शाळांबद्दल संसदेत माफी मागितली. २०१५ मध्ये सत्यशोधन आयोगाचा अहवाल आला. माफीने भाषा थोडीफार परत येऊ शकते. तिचे वर्ग निघतात, पुस्तके निघतात. चव अशी वर्गात शिकवता येत नाही. ती जाळाशी बसून, बोट भाजून घेऊन शिकावी लागते, आणि शिकवणारे हात दरवर्षी कमी होत आहेत. त्यातच दूरवरून येणारे दुकानातले अन्न अवाच्या सवा महाग. त्यातले स्वस्त ते बहुधा गोड आणि डबाबंद, आणि मधुमेह या वस्त्यांतून घरोघर शिरला आहे. अशा वेळी बारा वर्षांच्या मुलीने काठीवर धरलेली शेपटी ही केवळ जुन्या रीतीची हौस राहत नाही.

बीव्हरचे आता बरे चालले आहे. इतके, की दक्षिणेकडच्या वस्त्यांत तो उपद्रवी ठरतो. त्याच्या बांधांमुळे रस्ते आणि शेते पाण्याखाली जातात, मग पैसे देऊन सापळे लावले जातात. कातड्याला पूर्वीसारखा भाव नाही आणि मांस खायची सवय नाही, तेव्हा मारलेला प्राणी अनेकदा तसाच फेकून दिला जातो. ज्याच्या कातड्यासाठी हा सारा व्यापार उभा राहिला, त्या 'हडसन्स बे कंपनी'ने २०२५ मध्ये आपली शेवटची दुकाने बंद केली. ३५५ वर्षांची कंपनी गेली. बीव्हर आहे, आणि त्याला पूर्णपणे खाणारी माणसेही अजून थोडीफार आहेत.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि आपल्या रानांची अवस्था पाहता ती हवीच. प्राणी खावा की खाऊ नये, हा प्रश्नही ज्याने त्याने आपल्या घरी सोडवावा. पण मारल्यावर त्यातले किती वापरले आणि किती फेकले, हा हिशेब टोपीवाल्यांनी कधी मांडला नाही; बांध मोडून सापळे लावणारेही मांडत नाहीत. क्री लोक तो शेवटपर्यंत मांडतात. कातडे अंगावर, मांस पोटात, शेपटी पाहुण्याच्या पानात. आणि हाडे? ती अजूनही कुत्र्यांपुढे टाकत नाहीत. जिथून प्राणी आला, त्या पाण्यात ती परत सोडतात, म्हणजे पुढच्या वर्षी अमिस्क परत येईल.